स्नोमोबाइल आहे, पावसाळा नाही

म्हसा हे ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं गाव आहे आणि इथं बर्फ पडत नाही. पूर्वी कधी पडल्याचं जुन्या माणसांच्याही ऐकिवात नाही. तरीही डब्या शोधायच्या ज्या ॲपवर माझा मोकळा वेळ जातो, ते दर वेळी अदबीनं विचारतं : स्नोमोबाइलनं जाता येईल अशी डबी दाखवू का? बर्फावर चालायचे खास जोडे लागतील अशी? की स्की घालूनच गाठावी लागेल अशी? मी तिन्ही चौकोन रिकामे सोडतो आणि पावसाळ्याचा चौकोन शोधतो. तो नाही.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. इतरांनी जीपीएस घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. बक्षीस नसतं. प्रमाणपत्र नसतं. घरच्यांना समजावून सांगता येईल असा कोणताही फायदा नसतो. अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, ती २ मे २००० ला बंद झाली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत बऱ्यापैकी खरं बोलू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. बादलीत पुस्तकं होती, व्हिडिओ होते, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक हवाबंद डबाही होता. आज जगभरात अशा तीस लाखांहून जास्त डब्या आहेत.

अल्मरच्या बादलीला फिल्टर लागला नाही, कारण बादली एकच होती. आमच्या भागात परिस्थिती अजून बरीचशी बादलीच्या काळातलीच आहे. फिल्टर ही चीज ज्यांच्याकडे उदंड झालं आहे त्यांच्यासाठी असते. जर्मनीतल्या माणसाला दुपारच्या फेरीत दोनशे डब्या दिसतात; त्यातल्या एकशे नव्वद नकोशा करणं ही त्याची गरज आहे. मला मुळात तीन दिसतात. त्यावर ‘सोपी’, ‘मध्यम आकाराची’ आणि ‘अलीकडे सापडलेली’ असे तीन फिल्टर लावले की ॲप सांगतं, तुमच्या निकषांत काही बसलं नाही, निकष सैल करून पाहा. मी निकष सैल करतो. मग ते मला पुण्यातल्या एका उड्डाणपुलाखाली नेऊन सोडतं.

म्हणून आम्ही चौघांनी आपसांतच डब्या ठेवायला सुरुवात केली. एक शिक्षक, एक औषधांचा दुकानदार, एक एसटीचा वाहक आणि मी. नियम पाळतो. जागेच्या मालकाची परवानगी घेतो. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत ठेवत नाही, देवळात ठेवत नाही, धरणाच्या भिंतीजवळ तर नाहीच नाही. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेरची अशीच डबी पाहून लोक घाबरले आणि बॉम्बनाशक पथकानं ती उडवून दिली. बारवी धरणाच्या काठावर आमची वही-पेन्सिल अशा रीतीनं गाजावी अशी इच्छा नाही. आमच्या डब्यांची यादी आम्ही त्याच ॲपमध्ये खासगी म्हणून भरली. तेव्हापासून या लेखाची तयारी चालू आहे.

पहिली तक्रार महिन्यांची. प्रत्येक डबीला दोन आकडे द्यावे लागतात : शोधायला किती कठीण आणि जायला किती खडतर. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं. म्हणजे नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी प्रकार. एक्याऐंशी प्रकार करणाऱ्या माणसांनी बारा महिने सोडून दिले आहेत. गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्या जानेवारीत साडेतीनच्या असतील. जुलैत त्याच पायऱ्यांवर शेवाळ असतं, वरून पाणी असतं आणि समोर ढग असतो, म्हणून कोणता पाय कुठं आहे तेही अंदाजानंच ठरवायचं. आकडा साडेतीनच. ‘हंगामी’ असं एक चिन्ह ॲपमध्ये आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. कोणता हंगाम, हे सांगायची जागा मात्र नाही. डबी हंगामी आहे एवढंच कळतं, बाकीचं प्रत्यक्ष जाऊन पाहायचं.

आमच्याकडं हंगाम म्हणजे हवा बदलणं नव्हे, रस्ता बदलणं. चैत्रात जी पायवाट असते तिच्या जागी आषाढात कोणाचं तरी लावणी झालेलं भाताचं खाचर असतं, आणि त्यातून चालत जाणाऱ्याला शेतकरी जिओकॅशर म्हणत नाही, दुसरं काहीतरी म्हणतो. श्रावणात ओढा असतो. आश्विनात ओढा उतरतो, पण गवत कमरेपर्यंत आलेलं असतं आणि त्यात खाली काय आहे ते पाय ठेवल्याशिवाय समजत नाही. पौष-माघात सगळं छान असतं. फाल्गुनात वणवा लागतो आणि प्लास्टिकची डबी वितळून दगडाला चिकटते. ॲपमध्ये डबीचा आकार नोंदवायला ‘सूक्ष्म’, ‘लहान’, ‘मध्यम’, ‘मोठी’ आणि ‘इतर’ असे पर्याय आहेत. वणव्यानंतर आम्ही तिला ‘लहान’मधून ‘इतर’मध्ये टाकलं. या एका बाबतीत सोय परिपूर्ण आहे.

सणावारांचंही तसंच. पौष पौर्णिमेला म्हशात खांबलिंगेश्वराची, म्हणजे आमच्या म्हसोबाची, जत्रा सुरू होते. गुरांचा बाजार, घोंगड्या, भांडी, पाळणे, आणि लांबून लांबून आलेली माणसं. एरवी मोकळ्या माळावर ठेवलेली डबी त्या दिवसांत एखाद्या बैलजोडीच्या दावणीखाली असते. ॲपमध्ये ‘गुरांपासून सावध’ असं चिन्ह आहे. ते युरोपातल्या कुरणात निवांत चरणाऱ्या चार गायी डोळ्यांपुढं ठेवून केलेलं असावं. जत्रेतला व्यापारी बैलाचे दात मोजत असताना त्याच्या पायाशी वाकून ‘जरा हे दावं सरकवता का, माझी वही आहे खाली’ असं म्हणण्याचा प्रसंग त्या चिन्हात येत नाही. तसंच २ जानेवारीचं. १९४३ साली त्या दिवशी सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोटवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी त्या तारखेला तिथं अभिवादनाला लोक जातात. त्या दिवशी तिकडच्या वाटेवर झुडपात डोकं घालून काही शोधत बसणं शोभत नाही. एवढी साधी गोष्ट कॅलेंडरला ठाऊक आहे, ॲपला नाही.

दुसरी तक्रार वर्तुळाची. ‘माझ्यापासून २५ किलोमीटरच्या आत’ असं निवडलं की ॲप माझ्याभोवती एक सुबक वर्तुळ काढतं. वर्तुळाला सह्याद्री दिसत नाही. भीमाशंकर त्या वर्तुळात व्यवस्थित बसतं, अगदी जवळचं म्हणून वरच्या रांगेत येतं. गाडीनं जायचं तर माळशेज घाट चढा, जुन्नर गाठा, घोडेगाव गाठा आणि तिथून पुढं. शंभराच्या पुष्कळ वर किलोमीटर होतात. चालत जायचं तर खांडसपर्यंत जा आणि शिडी घाटानं किंवा गणेश घाटानं चढा, दिवस गेला. ॲपचा बाण मात्र कड्याच्या पोटातून आरपार जातो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘जवळच आहे’. हे वाक्य मला माणसांच्या तोंडून ऐकायची सवय आहे. त्यासाठी उपग्रहांची गरज नव्हती.

या वर्तुळाच्या पोटात आणखी एक उपतक्रार आहे, उंचीची. जीपीएसची माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यासाठी जीपीएक्स नावाची फाइल वापरतात. ती २००२ साली आली, २००४ ची सुधारित आवृत्ती अजून चालते, आणि तिच्यात उंची लिहिण्यासाठी स्वतंत्र खण आहे. आमचं ॲप तो खण रिकामा ठेवतं. कड्याच्या माथ्यावरची डबी आणि बरोबर तिच्या खाली पायथ्याला ठेवलेली डबी नकाशावर एकमेकींवर बसतात. आमच्या वाहकानं एकदा कड्याखाली उभं राहून सगळ्या धोंड्यांची उलथापालथ केली. यंत्र सांगत होतं, डबी तीन मीटरवर आहे. यंत्राचं म्हणणं आडवं घेतलं तर बरोबरच होतं. जिथं तालुक्याच्या एका टोकाला कोकण आणि दुसऱ्या टोकाला घाटमाथा आहे, तिथं ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन चौकोन पुरेत. एक्याऐंशी नकोत.

तिसरी तक्रार जिल्ह्याची. ‘ठाणे जिल्हा’ निवडलं की यादीत जव्हार येतं, वाडा येतं, मोखाडा येतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, ही बातमी ॲपच्या माहितीपर्यंत अजून गेलेली नाही. ती जायची तेव्हा जाईल, माझी घाई नाही. उलट दुःख वेगळंच आहे. नाणेघाट म्हणजे आमच्या दृष्टीनं घरचा. वैशाखऱ्याच्या पुढून वाट चढते, तिथवर आमचाच तालुका. पण वरचं लेणं जुन्नरच्या बाजूला, म्हणजे पुणे जिल्ह्यात. त्यामुळे ठाण्याचा फिल्टर लावला की नाणेघाट गायब आणि जव्हार हजर. पुण्याचा लावला की नाणेघाट येतो, पण त्याच्याबरोबर पुणेही येतं.

चौथी तक्रार नावाची. शोधाच्या चौकटीत आमच्या गावाचं नाव रोमन अक्षरांत लिहिताना शेवटचा स्वर चुकला की पहिल्यांदा रायगडचं म्हसळा येतं, मग साताऱ्याचं म्हसवड, आणि त्यातही मन भरलं नाही तर म्हैसूर. देवनागरीत लिहिलं तर आधी काहीच येत नाही. मग कळलं की आम्ही यादीत ‘म्हशाचा बाजारतळ’ असं लिहिलं होतं आणि शोधत होतो ‘म्हसा’. मराठीत गावाला जाताना गावाचं रूप बदलतं, हे इथल्या तिसरीतल्या पोराला न शिकवता येतं. ॲपला शिकवायला हवं होतं. कोणाला सुचलं नाही.

आता मुख्य तक्रार, माहिती बाहेर काढण्याची. ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ असं बटण आहे. ते दाबलं की आमची यादी तक्त्याच्या रूपात हाती येते, असा समज आहे. औषधवाल्या मित्रानं ती आपल्या दुकानातल्या संगणकावर, हिशेबाच्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. तेव्हा तीन गोष्टी घडल्या.

पहिली : अक्षरं गेली. फाइल एका पद्धतीनं लिहिली जाते आणि ते सॉफ्टवेअर ती दुसऱ्या, जुन्या युरोपीय पद्धतीनं वाचतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन-तीन बाइट असतात आणि तो भोळा वाचक प्रत्येक बाइटला एक-एक परदेशी अक्षर समजतो. त्यामुळे म-च्या वाट्याला नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा गोल येतो, पाय मोडल्याच्या खुणेला जपानी येन मिळतो, ह-ला वर टांगलेला बारका एक, आणि शेवटच्या कान्याच्या जागी पाऊण छापलं जातं. शिवाय दर तिकडीच्या सुरुवातीला डोक्यावर तिरकी काडी घेतलेला एक परदेशी स्वर. म्हणजे आमचं गाव नोंदणीकृत, परकी चलनातलं आणि पाऊण अशा अवस्थेत पलीकडे पोचतं. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही : फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण टाकायची, की उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं, हे कसं वाचायचं. तीन बाइट. ‘म्हसा’ लिहायला पंधरा लागतात.

दुसरी : आकड्यांच्या तारखा झाल्या. कठीणपणा दोन आणि खडतरपणा तीन असेल तर ॲप ते ‘२/३’ असं लिहून देतं. तक्त्यांच्या सॉफ्टवेअरला तिरकी रेघ दिसली की ते तारखेशिवाय दुसरा विचार करत नाही. ‘२/३’चा २ मार्च झाला. ‘५/५’, म्हणजे या खेळातली सर्वांत अवघड डबी, ती ५ मे झाली. ‘१.५/२’ तेवढी वाचली, कारण तशी तारीख सरकारी कॅलेंडरातही नसते. आमच्या वाहकाला त्या यादीची प्रिंट मिळाली आणि त्यानं २ मार्च हा डबी उघडायचा दिवस समजून रजेचा अर्ज टाकला. रजा मंजूर झाली नाही, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही.

तिसरी : डब्या हलल्या. या खेळात जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. फोनवरचे नकाशे निव्वळ दशांश अंश वापरतात. ॲपचा तक्ता दोन्हीपैकी काय देतो ते शीर्षकात लिहीत नाही, कारण शीर्षक इंग्रजी आद्याक्षरांचं आहे आणि आद्याक्षरांना सगळं चालतं. १९ अंश ०९.५०० मिनिटं ही जागा कोणी ‘१९.०९५००’ अशी नकाशात भरली, की ती थेट सात किलोमीटर दक्षिणेला जाते. सात किलोमीटरमध्ये आमच्याकडं तीन गावं, दोन ओढे आणि एक वेगळंच ग्रामदैवत लागतं.

याच सदरात सूचनांचं प्रकरण येतं. प्रत्येक डबीबरोबर एक छोटी सूचना लिहायची असते, आणि शोधणाऱ्यानं आपण होऊन ठरवल्याशिवाय ती वाचता येऊ नये म्हणून ॲप तिची अक्षरं उलटवून ठेवतं. इंग्रजी वर्णमालेतली २६ अक्षरं. प्रत्येक अक्षराच्या जागी तेरा घरं पुढचं अक्षर लिहायचं, दुसऱ्यांदा तेच केलं की मूळ मजकूर परत. युक्ती छान आहे. फक्त तिला देवनागरी ठाऊक नाही. आमच्या शिक्षकानं लिहिलं, ‘वडाच्या उत्तरेकडच्या मुळाशी, तिसऱ्या दगडाखाली’. ॲपनं ते गुप्त केलं आणि सगळ्यांना जसंच्या तसं दाखवलं. पुढं त्यानं डब्याच्या कंपनीचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. तेवढं एकच उलटलं. म्हणजे डबी कुठं आहे, कोणत्या दिशेला आहे, कितव्या दगडाखाली आहे हे सर्वांना उघड, आणि डबा कोणत्या कंपनीचा हे परम गोपनीय.

हे सगळं दुरुस्त करण्यासाठी सूचना कळवायची सोय आहे. ती वापरण्यासाठी नेटवर्क लागतं. फिल्टर बदलायलाही नेटवर्क लागतं, कारण फिल्टर फोनमध्ये नसून कुठल्यातरी दूरच्या संगणकात असतो. देहरीच्या पुढं रानात शिरल्यावर आपल्याला फिल्टर बदलावासा वाटतो, आणि फिल्टर बदलता येतो तो परत मुरबाडच्या स्टँडवर आल्यावर, जेव्हा आपल्याला चहा हवा असतो. आमचा तालुका डिजिटल बाबतीत मागे आहे असं कोणी म्हणू नये. डिसेंबर २०१६ मध्ये याच तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. त्या घोषणेचा आम्हाला अभिमान आहे. घोषणेला नेटवर्क लागत नाही.

आता कोणी म्हणेल, यंत्र बाजूला ठेवा आणि माणसांना विचारा. विचारतो. इथल्या माणसांविषयी माझी तक्रार नाही असं मानायचं कारण नाही. मिल्ह्याच्या फाट्याजवळ मी झुडपात वाकलेला असताना एक काका येऊन उभे राहिले.

‘‘काय हरवलं का दादा?’’

‘‘नाही काका, डबी शोधतोय.’’

‘‘कोणाची?’’

‘‘आमचीच.’’

‘‘मग ठेवली कोणी?’’

‘‘आम्हीच.’’

काका जरा थांबले. मग म्हणाले, ‘‘मग ठेवलीत कशाला?’’

या प्रश्नाचं उत्तर जगातल्या तीस लाख डब्यांच्या मालकांनी मिळून दिलेलं नाही, तर मी एकटा काय देणार? मी गप्प बसलो. गप्प बसलेल्या माणसाला माहिती द्यायची आमच्याकडं पद्धत आहे. काकांनी सांगितलं की इकडून पावसात येऊ नका, ओढा घेतो. वरच्या अंगानं या, पण तिथं कोणाचं तरी कुंपण झालंय, त्याला आधी विचारा. आणि दिवाळीनंतर आलात तर गवत कापलेलं असेल. महिना, उंची, परवानगी, रस्ता : मला हवे असलेले सगळे फिल्टर त्यांनी एका दमात लावले. मग मी विचारलं, ‘‘किती लांब आहे ती वरची वाट?’’ ते म्हणाले, ‘‘ही काय, इथंच.’’ तासभर चाललो. म्हणजे अंतराच्या बाबतीत माणूस आणि ॲप यांच्यात फरक नाही, आणि माणसाकडून एक्स्पोर्टही करून घेता येत नाही. काकांनी जे सांगितलं ते मी आमच्या यादीत भरायला गेलो, तर वर्णनाच्या चौकटीत ते सगळं मावलं; पण चौकटीतला मजकूर शोधता येत नाही, गाळता येत नाही आणि बाहेर काढला तर पाऊण होऊन येतो.

चांगला एक्स्पोर्ट कसा असावा याचं उदाहरण हवं असेल तर ते आमच्या शेजारीच आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा, राणी नागनिकेच्या नावानं ओळखला जाणारा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्यात कोणते यज्ञ केले आणि प्रत्येकात दक्षिणा काय दिली त्याचा हिशेब आहे : गायी इतक्या, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी इतकी. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. म्हणजे रकाने आहेत, एककं आहेत, आकडे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांच्या पावसानं काही भाग झिजवला, हे खरं. पण एकाही गायीची तारीख झालेली नाही. बाहेर घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. आमच्या भाषेत नोंद करायची तर : आकार मोठा, कठीणपणा एक, चोवीस तास उपलब्ध, शेवटी कधी सापडली ते दिसत नाही. त्या काळच्या लोकांना बर्फाचं चिन्ह लागलं नाही. घाट चढून येणारा माणूस बर्फातून येत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मागण्या मोठ्या नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्ता नको. डबी शोधायला चष्मा नको, ड्रोन नको, आवाजावर चालणारा सहायक नको. त्याला ‘म्हसा’ म्हणताना मी एकदा ऐकलं आहे. बारा महिन्यांचे बारा चौकोन द्या, म्हणजे स्वीडनचा माणूस जानेवारी काढून टाकील आणि आम्ही जुलै. घाटाच्या वर की खाली, एवढं विचारा. अंतर रस्त्यानं मोजा. जमत नसेल तर निदान ‘सरळ रेषेत’ हे दोन शब्द लिहा आणि जबाबदारी झटकून टाका, आम्ही समजून घेऊ. तक्ता देताना सुरुवातीला ते तीन बाइट टाका, कठीणपणा आणि खडतरपणा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीचे ते शीर्षकात सांगा. लावलेले फिल्टर फोनमध्ये साठू द्या. ज्यांनी एक्याऐंशी प्रकार पाडले त्यांना हे एका आठवड्याचं काम आहे.

आणि हे कोणी वाचेपर्यंत इथं डब्या ठेवणाऱ्यांना एक विनंती. मुरबाड, शहापूर, कर्जत, जुन्नर, जिथं कुठं ठेवाल तिथं वर्णनाच्या पहिल्या ओळीत साध्या मराठीत चार गोष्टी लिहा : कोणत्या महिन्यात यायचं, घाटावर की घाटाखाली, वाट कुठून चढते, आणि परवानगी कोणाची घेतली आहे. प्लास्टिकऐवजी स्टीलची डबी ठेवा, वणव्यात टिकते. वरच्या झाकणावर ‘हा खेळ आहे’ असं मोठ्या मराठी अक्षरांत लिहा आणि खाली फोन नंबर द्या, म्हणजे कोणाला सापडली तर आधी तुम्हाला फोन येईल, पोलिसांना नंतर.